पिल्लाच्या कानात माइट्स (बारीक किडे) झालेत, घरी कितपत करावं? (सातारा)

गोडोलीकरीण | शनिवार, रात्री ९:४०

पार्किंगमध्ये पावसात भिजत बसलेलं मांजरीचं पिल्लू घरी आणलंय. दात बघून मैत्रीण म्हणाली दोन महिन्यांचं असेल. किचनच्या वजनकाट्यावर ७०० ग्रॅम भरलं. खातंपितं, शी-शू व्यवस्थित, पण दोन्ही कान सारखं खाजवतं. खाजवताना कळवळून ओरडतं, डोकं झटकतं. कानात डोकावलं तर आत चहाच्या चोथ्यासारखा काळपट मळ गच्च भरलाय. डाव्या कानामागचे केस गेलेत आणि तिथे रक्ताळलंय.

आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, मंगळवारी येतील. दुकानातल्या मुलाने कुत्र्यांच्या मानेवर लावायची ट्यूब दिली, "पिल्लू आहे तर अर्धीच लावा" म्हणाला. शेजारच्या काकू म्हणतात कोमट तेल सोड. घरात तीन वर्षांची मनी आहे, तिला वरवर तरी काही नाही. दोघी एकमेकींच्या अंगावर लोळत असतात.

मंगळवारपर्यंत काय करू? आणि ही ट्यूब लावू का?

यवतेश्वर | शनिवार, रात्री ९:५२

ताई, ट्यूब लावू नका. आधी तिच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. परमेथ्रिन दिसलं तर ती मनीपासूनही लांब ठेवा.

कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, पण मांजराच्या यकृताला ते फोडता येत नाही. ते अंगात साचतं आणि काही तासांत कान, चेहरा फडफडायला लागतो, मग अंग थरथरतं, मग झटके. यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. अर्धी ट्यूब म्हणजे अर्धा धोका असंही नाही, कारण ती ट्यूब दहा-वीस किलोच्या कुत्र्याच्या हिशोबाने भरलेली असते आणि तुमचं पिल्लू किलोभराचंसुद्धा नाही.

कुणी चुकून लावलंच असेल तर भांड्यांचा लिक्विड साबण आणि कोमट पाण्याने ती जागा धुवायची, पिल्लू कोरडं करून उबेत ठेवायचं आणि थरथर सुरू होण्याची वाट न बघता तसंच डॉक्टरांकडे न्यायचं.

गोडोलीकरीण | शनिवार, रात्री १०:०५

वाचलं. परमेथ्रिनच आहे. अंगावर काटा आला. उद्या सकाळी परत करते आणि त्या मुलालाही सांगते. थँक यू दादा.

कृष्णामाई | शनिवार, रात्री १०:३०

अगं पोरी, घाबरू नकोस. आमच्या वाड्यात कायम मांजरं असायची. खोबरेल तेलात लसणाच्या दोन पाकळ्या आणि चिमूटभर हळद कडकडीत तापवायची, गाळून, गार करून दोन दोन थेंब कानात. किडे मरतात. कडुनिंबाचं तेलही चालतं. जनावराला उगीच इंग्रजी औषधं नकोत.

मिरजेची_सून | शनिवार, रात्री १०:४८

माझ्या सासूबाईही हळद घालायला सांगतात. आमच्याकडे सांगलीत हळदीला कोण नाही म्हणणार! पण आमच्या बोक्याच्या कानात हळद घातली तेव्हा मळाला चिकटून तिचा गोळा झाला, डॉक्टरांना चिमट्याने काढावा लागला. जाणकारांनी सांगा, तेल तरी चालतं का?

पाटणचे_डॉक्टर | रविवार, सकाळी ७:१५

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी होतो. नोकरी बरीचशी पाटण-कोयनेच्या बाजूला गेली. कुत्र्या-मांजरांचंही खूप पाहिलं. जरा सविस्तर लिहितो, कारण या प्रश्नात लोक दोन्ही टोकाला जातात. एक तर नुसतं तेल घालून महिनोन्महिने चालवतात, नाही तर थेट गुरांचं इंजेक्शन टोचतात.

या किड्याचं शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस. अर्ध्या मिलिमीटरहून लहान, पांढरट, आठ पायांचा. तो कातडीत बीळ करत नाही, कानाच्या आतल्या कातडीवर फिरतो आणि तिथला मळ, सुटलेली त्वचा खातो. त्याचा त्रास होऊन कान जास्त मळ बनवतो, त्यात रक्त आणि किड्यांची घाण मिसळली की तुम्ही पाहिलात तो काळा चोथा होतो. अंडी चारेक दिवसांत फुटतात. अंड्यापासून मोठा किडा व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि मोठा किडा पुढे दोनेक महिने जगतो.

हा तीन आठवड्यांचा हिशोब डोक्यात ठेवा, सगळा उपचार त्यावर उभा आहे. बहुतेक औषधांनी चालते किडे मरतात, अंडी राहतात. चार दिवस औषध घातलं, खाज थांबली, बाटली कपाटात गेली, की मागची अंडी फुटून पुन्हा तेच सुरू. "आमच्या मांजराला दर पावसाळ्यात कान येतात" असं सांगणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा जुनाच रोग अर्धवट राहिलेला असतो.

आता तेलाचं. कृष्णामाई, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. साधं, शुद्ध खोबरेल तेल मळ मऊ करतं आणि त्यात काही किडे गुदमरून मरतातही. पहिले दोन-तीन दिवस आराम म्हणून ते योग्यच आहे, आणि पिल्लू अगदी लहान असेल तर तेवढंच करता येतं. पण लसूण नको. मांजर पंजाने कान पुसतं आणि पंजा चाटतं, आणि लसूण-कांद्याने मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात. कडुनिंबाचं तेल सोललेल्या कातडीवर झोंबतं. इंटरनेटवर टी ट्री ऑइल सुचवतात, ते तर मांजराला सरळसरळ विषारी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट आग करतात. माणसांचे कानाचे ड्रॉप्सही नकोत. पडद्याला भोक असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आतल्या कानापर्यंत जाऊन कायमचा बहिरेपणा आणू शकतं.

आणि ताई, हे माइट्सच आहेत हे आधी पक्कं व्हायला हवं. लहान पिल्लू, दोन्ही कान, कोरडा काळा मळ आणि भयंकर खाज, म्हणजे शक्यता दाट आहे. पण बुरशीच्या संसर्गातही तपकिरी मळ येतो, त्याला आंबूस वास असतो आणि तो तेलकट लागतो. पिवळा पू आणि घाण वास असेल तर जिवाणू. घरच्या घरी बघायचं तर मळाचा कण काळ्या कागदावर पसरा, उजेड पाडा आणि भिंगातून मिनिटभर स्थिर बघा. पांढरे ठिपके सरकताना दिसले तर शंका उरली नाही. दिसले नाहीत म्हणून ते नसतात असं मात्र नाही.

यवतेश्वर | रविवार, सकाळी ८:०२

डॉक्टरसाहेब, हे लिहिलंत फार बरं झालं. एक विचारतो. मनीला काही दिसत नाहीये, तरी तिलाही औषध लागेल ना?

पाटणचे_डॉक्टर | रविवार, सकाळी ८:२०

लागेल. खाज बरीचशी किड्याच्या लाळेच्या ॲलर्जीने होते. त्यामुळे एखाद्या मांजराला चार किडे असले तरी ते वेडंपिसं होतं आणि दुसऱ्याचे कान भरलेले असून ते शांत झोपतं. घरातलं प्रत्येक मांजर आणि कुत्रं एकाच दिवशी औषधाखाली यायला हवं. एक सोडलं की तिथून परत सगळ्यांना.

माणसांना हा किडा सहसा धरत नाही. फार क्वचित हातावर चार पुरळ येतात, आपोआप जातात. घरात लहान मूल असेल तर घाबरून पिल्लू बाहेर सोडू नका.

गोडोलीकरीण | रविवार, सकाळी ९:३०

भिंगातून पाहिलं!! सरकतायत. मुलाने पण पाहिलं, आता तो आपलेच कान धुतोय.

तेल घालायची आणि कान पुसायची नीट पद्धत सांगाल का कुणी? काल नुसता कापूस लावला तर हातातून निसटलं.

मिरजेची_सून | रविवार, सकाळी १०:१०

मी सांगते, आमच्या बोक्याबरोबर पाठ झालंय.

आधी मागच्या पायांच्या नखांची टोकं कापून घ्या. मांजर कान मागच्या पायाने खाजवतं, जखमा त्या नखांनी होतात. फक्त टोक कापायचं, गुलाबी भागाच्या अलीकडे.

तेलाची छोटी बाटली कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा. थेंब आपल्या मनगटावर टाकून बघायचा, गरमही नको, गारही नको. गार तेलाने त्यांना गरगरतं. पिल्लाला जुन्या पंचात मानेपर्यंत घट्ट गुंडाळून मांडीवर घ्या, तोंड तुमच्या पोटाकडून बाहेरच्या बाजूला. कानाची पाळी दोन बोटांत धरून हलकेच वर आणि मागे ओढा म्हणजे कानाचं तोंड उघडतं. ड्रॉपरने दोन-तीन थेंब, ड्रॉपरचं टोक आत न घालता. लगेच कानाच्या बुडाशी, जिथे जबड्याची कड लागते तिथे, अंगठ्याने गोल गोल चोळा. पचपच आवाज आला की तेल खाली पोचलं. चोळताना मागचा पाय हवेत खाजवल्यागत चालायला लागतो, तो थांबवू नका.

मग सोडून द्या आणि जरा लांब व्हा. ते डोकं असं झटकतं की भिंतीवर काळे ठिपके उडतात. झटकून वर आलेला मळ तेवढा कापसाने टिपायचा. इअरबड अजिबात नको.

एका वेळी सगळं निघत नाही. रागावू नका, लगेच दुसऱ्यांदा धरू नका. झाल्यावर आवडीचं काहीतरी खायला द्या. आमचा बोका आता पंचा दिसला की सुकटीसाठी स्वतःहून येतो.

पाटणचे_डॉक्टर | रविवार, सकाळी १०:४०

उत्तम लिहिलंत सूनबाई. इअरबड का नको ते सांगतो. मांजराच्या कानाची नळी आधी सरळ खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. बड घातला की मळ त्या वळणावर दाबून बसतो आणि पुढे पडदा आहे.

मान एका बाजूला वाकडी, चालताना तोल जातोय, डोळ्यांची बुबुळं आपोआप डावी-उजवीकडे हलतायत, यातलं काहीही दिसलं तर कानात तेलसुद्धा घालू नका. रोग पडद्यापलीकडे गेल्याची ती खूण असते. आणि मंगळवारी दाखवणार असाल तर सोमवारी कान साफ करू नका. डॉक्टरांना काचेवर घ्यायला नमुना हवा.

हरिपूरकर | रविवार, दुपारी १:१५

भावांनो, एवढं कशाला? आमच्या गावात गुरांच्या दवाखान्यात आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन मारतात, एका दणक्यात खल्लास. बाटली गोठ्यात असतेच प्रत्येकाच्या. आमच्या मांजराला दोनदा मारलं, टकाटक आहे.

पाटणचे_डॉक्टर | रविवार, दुपारी २:०५

हरिपूरकर, औषध बरोबर आहे, मीही दिलंय. मांजराचं वजन घेऊन, विरळ करून, डॉक्टरने दिलं तर काम करतं. पण घरी कुणी करू नका, आणि का ते आकड्यांत सांगतो.

गुरांच्या बाटलीवर लिहिलेलं असतं ५० किलो वजनाला १ मिली. त्या हिशोबाने ७०० ग्रॅमच्या पिल्लाला येतं १ मिलीच्या सत्तराव्या भागाएवढं, म्हणजे एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गोठ्यातल्या सिरिंजने हे मोजता येत नाही. हात किंचित हलला की पाचपट, दहापट जातं. लहान पिल्लात हे औषध मेंदूपर्यंत सहज पोचतं. बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासं होतं, पाय लटपटतात, पुढे बेशुद्धी. त्यालाही उतारा नाही, सलाईन आणि उबेवर दिवस काढावे लागतात. मोठ्या बोक्याला चाललं ते पिल्लाला चालेलच असं धरू नका.

हरिपूरकर | रविवार, दुपारी २:३०

हा हिशोब कुणी कधी सांगितला नव्हता डॉक्टर. गावातल्या पोरांच्या ग्रुपवर टाकतो. आमच्याकडे सगळे बाटलीतूनच ओढतात.

एक सांगा, शेजाऱ्यांच्या भाटीच्या कानाच्या कडेला करड्या जाड खपल्या आल्यात, डोळ्यांच्या वरही. आत मळ नाही. हे तेच का?

पाटणचे_डॉक्टर | रविवार, दुपारी २:५०

नाही. कानाच्या कडेपासून सुरू होऊन कपाळ, चेहरा आणि पंजांवर पसरणाऱ्या खपल्या म्हणजे मांजराची खरूज. तो किडा वेगळा, नोटोएड्रिस. हा मात्र कातडीत बिळं करतो आणि माणसालाही काही काळ खाज देतो. तिला उचलताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हात धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. तेलाने काही होणार नाही.

कृष्णामाई | रविवार, सायंकाळी ५:००

लसणाचं मला ठाऊक नव्हतं हो डॉक्टर. आता नाही सांगणार कुणाला. नुसतं खोबरेल तर चालेल ना, दोन दिवस? आणि पोरी, अंथरूण बदललंस का? आमच्या आई मांजराला काही झालं की आधी गोधडी उकळत्या पाण्यात टाकायच्या.

पाटणचे_डॉक्टर | रविवार, सायंकाळी ५:२०

नुसतं खोबरेल चालेल. आणि आईंचं अगदी बरोबर होतं. हा किडा अंगाबाहेर काही दिवस तग धरतो, दमट हवेत जास्तच. साताऱ्याच्या पावसाळ्यात उन्हाची वाट बघत बसू नका. पांघरुणं, टॉवेल कडकडीत पाण्यात धुवा, आठवड्यातून दोनदा. सोफ्याच्या फटी, टोपलीचा तळ झाडून पुसून घ्या.

फरशी फिनाईलने पुसू नका. काळं असो की पांढरं, पंजाला लागून पोटात जातं आणि मांजराला बाधतं. साबणाचं पाणी पुरे.

गोडोलीकरीण | मंगळवार, रात्री ८:१५

आज दाखवून आले. डॉक्टरांनी मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला, मलाही दाखवला. किडे आणि अंडी दोन्ही. कानाचा पडदा शाबूत आहे म्हणाले. जंतुसंसर्ग नाही.

पिल्लाला आणि मनीला सेलामेक्टिन या किडे मारणाऱ्या औषधाचं स्पॉट-ऑन (मानेवर लावायची ट्यूब) लावलं. पिल्लाची वेगळी छोटी ट्यूब होती, अडीच किलोच्या आतल्यांसाठीची. मानेच्या मागे केस बाजूला करून थेट कातडीवर. सुकेपर्यंत दोघींना वेगवेगळ्या खोलीत ठेवलंय, एकमेकींना चाटू नये म्हणून. महिन्याने परत बोलावलंय. किड्यांना कानातच का नाही औषध, मानेवर का, ते विचारायचं राहिलं.

पाटणचे_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:००

छान. सेलामेक्टिन कातडीतून रक्तात जातं आणि तिथून परत कानाच्या कातडीपर्यंत पोचतं. शिवाय हे किडे कानातच राहतात असं नाही. मांजर वेटोळं करून झोपतं तेव्हा शेपूट कानाशी येते, त्यामुळे शेपटीच्या बुडाशी आणि मानेवरही ते सापडतात. नुसत्या ड्रॉप्सने ते वाचतात आणि परत कानात जातात.

आठवडाभरात खाज कमी होईल. मळ मात्र तुम्हालाच काढावा लागेल, औषध किडे मारतं, कचरा उचलत नाही. दोन-तीन दिवसांआड कान पुसत राहा. खाज थांबली तरी महिन्याची फेरी चुकवू नका, काही जनावरांना दुसरी ट्यूब लागते.

एकच लक्षात ठेवा. कानाची पाळी अचानक फुगून मऊ, गरम लागली तर खाजवून आत रक्त साकळलंय. सुई टोचून घरी काढू नका, ते परत भरतं. लवकर दाखवलंत तर कानाचा आकार वाचतो.

चाफळकर | बुधवार, सकाळी ११:२५

धागा वाचून विचारतोय. आमच्याकडे जवळपास मांजरांचे डॉक्टर नाहीत. मायक्रोस्कोपची सोय कुठे मिळेल?

यवतेश्वर | बुधवार, सकाळी ११:४०

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते, पण सकाळी लवकर गेलात तर मांजर बघतात, असा माझा अनुभव आहे. केस अवघड असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढे, पुण्याच्या वाटेवर. कॉलेजच्या रुग्णालयात तपासणीची सोय आहे. जाण्याआधी बाह्यरुग्ण विभागाची वेळ विचारून घ्या. पिल्लाला एसटीत न्यायचं तर झाकणाची टोपली आणि खाली जुना टॉवेल.

गोडोलीकरीण | पुढच्या महिन्यात, गुरुवार, रात्री ९:१०

धागा वर काढतेय. फेरतपासणी झाली. पिल्लाच्या कानात एकही किडा नाही, मनीचेही स्वच्छ. डॉक्टरांनी खात्रीसाठी दोघींना अजून एकेक ट्यूब लावली. कानामागे लव उगवलीय. वजन दीड किलोच्या जवळ आलंय. नाव ठेवलंय बुंदी.

आता नवी काळजी. पिल्लाची आई पार्किंगमध्येच असते, तिचेही कान तसेच काळे. हात लावू देत नाही. तिच्याजवळ अजून एक पिल्लू आहे, दूध पितंय. तिला कसं करू?

पाटणचे_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:४५

शाब्बास ताई. आईला पकडू नका, फोडून काढेल. रोज एकाच वेळी, एकाच जागी खायला ठेवा. खाण्यात गुंगली की शेजारी बसायची सवय लावा, मग खाताना मानेला हात. ते जमलं की एक दिवस ट्यूब मानेवर. दोन सेकंदांचं काम आहे. सेलामेक्टिन पाजणाऱ्या मांजरीला चालतं. वजनाचा अंदाज तुमच्या डॉक्टरांना सांगून ट्यूब त्यांच्याकडूनच घ्या. तिच्या पिल्लाला आठ आठवडे झाले नसतील तर त्याला ट्यूब नको, तोवर सूनबाईंची तेलाची पद्धत.

दूध तुटलं की तिच्या नसबंदीचंही बघा.

मिरजेची_सून | गुरुवार, रात्री १०:०२

बुंदी!! फोटो टाका ना. आणि आईसाठी सुकट घ्या, वासानेच जवळ येईल. पहिले काही दिवस ताट ठेवून तुम्ही जिन्यावर जाऊन बसा, डोळ्यांत बघू नका.

गोडोलीकरीण | गुरुवार, रात्री १०:२०

उद्या मंडईतून सुकट आणते. फोटो सकाळी, आत्ता दोघी पंख्याखाली झोपल्यात.